शी धरून ठेवणारं मूल: बरं होऊन पुन्हा उलटणारा त्रास

तीन वर्षांचा छोटू पडद्यामागे उभा आहे. टाचा उचललेल्या, गुडघे ताठ, पडद्याची कड मुठीत गच्च धरलेली, तोंड लालबुंद. मी ओट्यापासूनच विचारते, "छोटू, शी आली का रे?" तो मान हलवतो. "नाही आली." मिनिटभरात टाचा खाली येतात, चेहरा मोकळा होतो आणि स्वारी गाड्या खेळायला पसार. हे आमच्याकडे दिवसातून चार-पाच वेळा चालायचं आणि घरातल्या चारही मोठ्या माणसांचं यावर एकमत होतं: बिचारा कुंथतोय, पण होत नाहीये त्याला.

तो कुंथत नव्हता, धरून ठेवत होता. एवढी एक गोष्ट कळायला आम्हाला जवळजवळ वर्ष लागलं. त्या वर्षात हा त्रास तीनदा बरा झाला आणि तीनदा परत आला. तुमच्या घरी दोन ते पाच वर्षांचं मूल असेल, शी चार-चार दिवसांनी होत असेल, औषध दिलं की बरं वाटतं आणि महिन्याभरात पुन्हा ये रे माझ्या मागल्या होत असेल, तर हे तुमच्यासाठी लिहिते आहे. तान्ह्या बाळाची गोष्ट वेगळी. अंगावर पिणारं बाळ कधीकधी काही दिवस शी न करताही मजेत असतं, आणि दोन महिन्यांचं बाळ लाल होऊन कण्हत कण्हत शेवटी मऊच शी करतं. त्याला बद्धकोष्ठ म्हणत नाहीत.

कुंथतोय की धरतोय?

ज्याला शी करायची आहे ते मूल गुडघे वाकवतं, खाली बसू बघतं. ज्याला ती होऊ द्यायची नाही ते ताठ होतं. चवड्यांवर उभं राहतं, पायाची कैची मारतं, सोफ्याच्या कडेला पोट टेकून आवळून धरतं, नाहीतर खेळता खेळता एकदम खाली बसून टाच बुडाखाली दाबतं. आमचा पडदा धरायचा. मैत्रिणीची मुलगी डायनिंग टेबलाखाली जाऊन कोणाशी बोलायची नाही. एकदा ही खूण कळली की मग ती लपत नाही. मी आता लग्नाच्या हॉलमध्येही दुसऱ्याचं मूल ओळखून दाखवते. (दाखवू नये. आयांना आवडत नाही.)

दुसरी खूण आम्हाला साफ चकवून गेली. चड्डीला सारखं पातळ, चिकट लागायला लागलं. आम्ही समजलो जुलाब. डाळिंबाचं साल उगाळून दिलं, केळं दिलं, दूध-तांदूळ दिला, म्हणजे अडकलेल्याला आणखी अडकवलं. खरं तर आत घट्ट गोळा बसलेला होता आणि त्याच्या कडेनं पातळ मळ झिरपत होता. मुलाला ते कळतही नाही, थांबवताही येत नाही. चार दिवस नीट शी नाही आणि चड्डी मात्र रोज खराब, असं दिसलं तर जुलाबाचं औषध देण्याआधी डॉक्टरांकडून पोट तपासून घ्या. त्या काळात आम्ही त्याला "घाणेरडा" म्हणालो होतो. ते अजून सलतं.

गाडं अडतं कुठे

सुरुवात साधीच होती, डिसेंबरातली. नाशिकची थंडी सांगायला नको. निफाडचा पारा घसरला की पेपरात बातमी येते आणि इकडे पाथर्डी फाट्याला आमच्या घरात सगळ्यांचंच पाणी पिणं निम्म्यावर येतं. बालवाडीत दिलेली बाटली जशी भरलेली जायची तशीच परत यायची. त्यात सर्दी-ताप झाला, चार दिवस दूध-बिस्किटाशिवाय पोटात काही गेलं नाही. मग एके दिवशी खड्यासारखी शी झाली. दुखलं, जरा कातरलं, कागदावर रक्ताची एक रेघ दिसली. तेवढं पुरलं. शी म्हणजे दुखणं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

पुढचं आमच्या डॉक्टरबाईंनी फाइलच्या मागच्या कोऱ्या पानावर चित्र काढून समजावलं. मोठ्या आतड्याचं कामच पाणी शोषून घ्यायचं. मळ जितका वेळ आत राहील तितका कोरडा आणि टणक होतो. मूल दुखेल म्हणून धरतं, धरल्यामुळे शी आणखी मोठी आणि कडक होते, ती बाहेर येताना आणखी दुखते, म्हणून पुढच्या वेळी ते आणखी जोरात धरतं. शिवाय शेवटचा भाग सारखा भरलेला राहून ताणला जातो. तो ताणला की "शी आली" ही जाणीवच बोथट होते. म्हणजे छोटू "नाही आली" म्हणायचा तेव्हा अर्ध्या वेळा तो खोटं बोलतच नव्हता.

"चड्डीचं इलॅस्टिक सैल पडलं की एका धुण्यात परत घट्ट होतं का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"नाही."

"हे होतं. पण महिने लागतात. तुम्ही दर वेळी पंधरा दिवसांत औषध बंद करता."

आमचं चुकलं ते नेमकं इथे. शी एकदा मोकळी झाली की घरात हुश्श व्हायचं, औषधाची बाटली फ्रिजच्या दारात मागे सरकायची आणि महिन्याभरानं पडदा पुन्हा हलायला लागायचा.

आम्ही करून पाहिलेले उपाय, आणि त्यातले कोणते करू नका

ओवा-हिंग पोटाला लावलं. त्यानं नुकसान काही नाही, आजीला आणि नातवाला दोघांनाही बरं वाटतं. करायचं तर करा.

एरंडेल देऊ नका. ते आतड्याला चाबूक मारल्यासारखं काम करतं, पोटात मुरडा येतो आणि शी म्हणजे दुखणं ही समजूत आणखी घट्ट होते.

विड्याच्या पानाचं देठ तेलात बुडवून. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. आमच्या सासूबाईंच्या माहेरी, निफाडकडे, हा हुकमी उपाय, आणि खरं सांगायचं तर शी होतेही. पण ज्या मुलाला त्या जागेचीच भीती बसली आहे, त्याला दोघांनी धरून तिथेच काही घालायचं म्हणजे आगीत तेल. साबणाची कांडीही त्यातलीच. त्यानं आतली नाजूक त्वचा जळजळते. मेडिकलमधून स्वतःच्या मनानं आणलेली एनिमाची बाटलीही त्यातलीच. डॉक्टरांनी गरज पाहून दिली तर गोष्ट वेगळी.

फळं आणि चोथा यांच्याबद्दल मात्र आम्ही उलटा धडा शिकलो. नाशिकमध्ये राहून फळांना काय तोटा? पेरू, पपई, अंजीर, भिजवलेले बेदाणे, सगळं सुरू केलं, वर इसबगोलही. पोट फुगलं आणि काही हललं नाही. आत आधीच वाट बंद असताना वरून भर टाकली तर गर्दी वाढणारच, आणि इसबगोल भरपूर पाण्याशिवाय दिलं तर स्वतःच घट्ट बसतं. फळं हवीतच, पण वाट मोकळी झाल्यावर, आणि रोजच्या जेवणाचा भाग म्हणून. ढीगभर फळं खाऊन हा त्रास जात नाही, तशी मोजमापाबाहेर पाणी पाजूनही जात नाही. वयाला साजेसं नेहमीएवढं दोन्ही मिळालं की पुरे.

फळांचं आलंच आहे तर द्राक्षांबद्दलही सांगून टाकते: पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खं द्राक्ष देऊ नका, उभे चार काप करा. गोल, गुळगुळीत आणि नेमकं घशात बसेल एवढं फळ आहे ते. बागायतदारांच्या घरातही हे कोणी पाळत नाही म्हणून इथे घुसडलं.

आणि चॉकलेटची लाच. "शी केलीस तर डेअरी मिल्क." दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी त्यानं आमच्याशीच घासाघीस सुरू केली.

मग काय लागू पडलं

आधी आत अडकलेलं बाहेर काढलं. डॉक्टरांनी वजन पाहून पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर दिली, पाण्यात विरघळवून. सुरुवातीचे काही दिवस डोस जास्त, त्यातच चार दिवस आम्ही घराबाहेर पडलो नाही. नवऱ्याची अंबडला कंपनीत रात्रपाळी होती, त्यामुळे दिवसभर धुण्याची ड्युटी त्याच्याकडे. मग डोस कमी करून रोजचा ठरला: शी रोज किंवा दिवसाआड आणि मलमासारखी मऊ व्हायला हवी, इतका. हे औषध आतड्याला ढकलत नाही, मळात पाणी धरून ठेवतं, एवढंच. बरेच डॉक्टर लॅक्ट्युलोज देतात. ती न पचणारी साखर, तिचं कामही साधारण तसंच, फक्त त्यानं वात जास्त होतो.

"सवय लागेल हो!" असं आम्हाला किमान सहा जणांनी सांगितलं, त्यात वरच्या मजल्यावरचे काकाही होते. या औषधाची आतड्याला सवय लागत नाही. उलट लवकर बंद केल्यानं त्रास उलटतो. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या बालपचनतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१४ साली मिळून काढलेल्या मार्गदर्शक सूचना सांगतात की रोजचा डोस किमान २ महिने चालवावा, सगळी लक्षणं जाऊन किमान १ महिना झालेला असावा, आणि मग तो हळूहळू उतरवावा. मूल शी-शूची सवय लागण्याच्या वयात असेल तर ती सवय पुरती लागेपर्यंत औषध बंद करू नये, असंही त्यात आहे. आम्हाला डॉक्टरबाईंनी सहा महिने धरून चालायला सांगितलं. डोस किती आणि किती काळ, ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. माझ्या मुलाचा डोस तुमच्या मुलाला चालणार नाही.

दुसरं, बसण्याची वेळ. पोटात अन्न पडलं की आतडं आपोआप हलतं, आपल्यालाही सकाळच्या चहानंतर कळतंच. म्हणून सकाळच्या नाश्त्यानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर साधारण १५-२० मिनिटांनी त्याला बसवायचं, तेही पाचच मिनिटं. झाली तर झाली, नाही तर उठ. "केल्याशिवाय उठायचं नाही" हा नियम पहिल्या दिवशी काढून टाकला. बसल्याबद्दल शाबासकी, शी केल्याबद्दल नाही, कारण बसणं त्याच्या हातात आहे.

तिसरं, पाय. हे मला सर्वात उशिरा सुचलं आणि फरक सर्वात लवकर पडला. कमोडवर तीन वर्षांच्या मुलाचे पाय लोंबकळतात. तुम्ही स्वतः उंच कट्ट्यावर पाय सोडून बसून जोर लावून बघा, जमतं का. गुडघे कमरेपेक्षा वर आणि पावलं पक्की टेकलेली असली की वाट सरळ होते. जुन्या बायका बाळाला आपल्या दोन पायांवर, पावलांच्या मधे बसवून शी करवतात ना, त्यात नेमकं हेच असतं. तो प्रकार तीन वर्षांच्या धिप्पाड पोराला जमेना, म्हणून आधी देवघराजवळचा चौरंग नेला. सासूबाईंनी जे डोळे केले ते पाहून तसाच परत आणला. मग दिरांनी द्राक्षाचा क्रेट आणून दिला. तो फार उंच, पोराचे गुडघे हनुवटीला. शेवटी मेनरोडवरून वीतभर उंचीचं प्लास्टिकचं स्टूल आणलं आणि कमोडवर लहान सीट बसवली. घरात भारतीय पद्धतीचा संडास असेल तर बसणं मुळातच बरोबर होतं, पण मुलाला भोकात पडण्याची भीती वाटते. कडेला धरायला काहीतरी द्या, नाहीतर काही दिवस खाली पेपर टाकून बाजूलाच बसवा. आधी भीती जाऊ दे, जागा नंतर बदलता येते.

चौथं, दूध. दिवसाला मोठे तीन मग, म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास, आणि त्यामुळे जेवणाला भूकच नाही. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला अर्धा लिटर पुष्कळ झालं. जास्त दुधानं जेवण मागे पडतं, लोह कमी पडतं, आणि काही मुलांना त्यानं बद्धकोष्ठही होतं.

"अगं, दूध तोडलंस तर हाडं कशी भरायची त्याची?" सासूबाई.

"आई, नाचणीची पेज आणि वाटीभर दही देतेय ना."

तीन दिवस अबोला. चौथ्या दिवशी त्यानं न भरवता अर्धी भाकरी वरणात कुस्करून खाल्ली, तेव्हा पेज करायचं काम त्यांनीच घेतलं. रविवारी मिसळ खायला जातो तेव्हा छोटूच्या वाट्याला फक्त पाव आणि जिलबी यायची. आता घरून पोळीचा रोल नेतो. लोक बघतात. बघू देत.

परत का येतो

औषध नीट चालू असूनही आमच्याकडे दोनदा घसरण झाली, आणि दोन्ही वेळा कारण घराबाहेर होतं.

एकदा चैत्रात वणीच्या गडावर गेलो. दोन दिवस प्रवास, अनोळखी संडास, रांगेत उभं राहायचं म्हणून "जरा थांब हं बाळा" असं मीच दहा वेळा म्हटलं. थांबायची कला त्याला अवगत होतीच. आता प्रवासात औषधाची पुडी, लहान सीट आणि स्टूल बरोबर असतं. स्टूल एसटीत कसं दिसतं ते विचारू नका.

दुसऱ्यांदा बालवाडी. तिथे सगळ्यांना एकाच वेळी संडासला नेतात, दाराला कडी नाही, आणि एका मोठ्या मुलानं "शी शी" म्हणून चिडवलं होतं. छोटूनं हे मला आठ दिवसांनी, झोपताना, अंधारात सांगितलं. तुमचं मूल शाळा सुरू झाल्यावर किंवा सुट्टी संपल्यावर धरू लागलं तर आधी शाळेचा संडास स्वतः जाऊन बघा. मी बाईंना एवढंच विचारलं की त्याला एकट्याला, तो म्हणेल तेव्हा नेता येईल का. मावशींनी ते मनावर घेतलं. भांडायची वेळ आली नाही.

त्यात घरातल्या उलथापालथीचीही भर पडते: धाकटं भावंड, घर बदलणं, आजारपण, कोणीतरी आजोळी घाईनं डायपर सोडवायला लावणं. शी-शूचं शिक्षण सुरू असताना हा त्रास उभा राहिला तर शिक्षण थांबवा आणि डायपर पुन्हा घाला. त्यात नामुष्की काही नाही. आम्ही अडीच महिने थांबलो. डायपरमध्ये का होईना, मऊ आणि न दुखता होऊ दे.

घसरण झाली की नेमकं काय करायचं हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. आमच्या फ्रिजवर चिठ्ठी आहे: दोन दिवस शी नाही झाली तर डोस किती वाढवायचा, तिसऱ्या दिवशीही नाही तर फोन. चिठ्ठी असली की रात्री अकराला चार माणसांत वाद होत नाहीत.

घरी थांबायचं नाही असं कधी

पोट टम्म फुगलं आणि उलट्या सुरू झाल्या, विशेषतः हिरव्या, तर थेट दवाखाना. त्रास जन्मल्यापासून किंवा पहिल्या महिन्यातच सुरू झालेला असेल, जन्मानंतर पहिली काळी शी ४८ तासांतही झाली नसेल, वजन वाढत नसेल, पाय अशक्त वाटत असतील, ताप येत असेल किंवा रेघेपेक्षा जास्त रक्त दिसत असेल, तर हे नुसतं धरून ठेवणं नसू शकतं. तिथे माझं लिहिणं संपतं, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

सध्या

पाचवा महिना चालू आहे. डोस पाऊण झाला आहे, पुढच्या महिन्यात अर्धा करून बघायचा. पडदा शांत आहे. नोंद ठेवायचं काम सासूबाईंनी स्वतःहून घेतलं आहे: भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारी, ज्या दिवशी झाली त्या दिवशी पेन्सिलीनं एक गोल. डॉक्टरबाईंना कॅलेंडरचा फोटो पाठवला की त्या त्यावरूनच डोस ठरवतात. या महिन्यात आतापर्यंत दोनच चौकटी रिकाम्या आहेत, आणि त्यातली एक एकादशीची. सासूबाई म्हणतात, ती धरू नका, त्याचाही उपास होता.